दसऱ्याला तोडणीची फाईल कुणी उघडली?

देवळाली प्रवरा, १९९५
दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

सुटले बाई एकदाची! सकाळी कारखान्यात कॉम्प्युटर लावला आणि बघते तर काय, कुणाचा ऊस आधी तोडायचा त्या क्रमाच्या फाईलवर कालची तारीख! काल तर ऑफिस बंद. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, दुसरी शिपाई भानुदासमामांकडे. आणि मामांच्या मेव्हण्याचा नंबर यादीत पार खाली. कुणी तो वर सरकवला असेल तर? गावात तोंड कसं दाखवायचं?

कीबोर्डवर तांदळाचे दाणे पडले होते, ते झटकले आणि यादीची आधीची प्रत असलेली फ्लॉपी लावून दोन्ही फाईली ताडून पाहिल्या. एका अक्षराचाही फरक नाही! मग तारीख का बदलली? शेवटी मामांनाच विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"ताई, पूजा केली की काल. बंद मशीनची पूजा व्हती व्हय? चालू केलं, हळदीकुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, मग तुमी शिकवल्यावानी बंद केलं."

मशीन चालू केलं की आमचा प्रोग्रॅम आपोआप उघडतो आणि बंद करताना फाईल नव्याने सेव्ह करतो. एवढंच! आणि त्या अक्षता मीच सकाळी झटकल्या. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर?

मामा रागावले नाहीत. निघताना हातात पुडी दिली, "तुमच्या वाटणीचा परसाद ठिवला हुता."

आत्ता पुडी उघडली. खोबऱ्याला कुंकवाचा एक तांदूळ चिकटलाय. हा मात्र झटकवेना.