आप्पांच्या शेजारची जागा

५ मार्च, लातूर
नांदेडहून सकाळच्या एसटीनं आलो. कॉलेजच्या रजेच्या अर्जात कारण : घरगुती. खरं लिहवेना. दुष्काळात बंधुसहाय्य मंडळानं आईच्या जागेवर बोअर मारला.
आप्पा मंडळाचे जुने सभासद. सभासद गेला की मंडळ खांदेकरी देतं, आपल्या रानात जागा देतं, शेजारची बायकोसाठी राखतं. आमच्यात पुरतात, बसवून. आप्पा दोन वर्षं झाली, बसलेत. उजवीकडे आता हापसा.

६ मार्च
मंडळाचे अध्यक्ष मल्लप्पा घरी. आप्पांचे दोस्त.
"पाणी बघताना पाणाड्याच्या हातावरचा नारळ तिथंच उभा राहिला, आक्का. मी काय करू?"
आई : "नारळाला कळंना. तुला तरी कळावं की."

१९ मार्च
आप्पांचे वारस म्हणून मंडळावर दावा. जिल्हा नवा. कोर्टात खुर्च्या नव्या, माठ कोरडा. मंडळाचं म्हणणं : बाई हयात आहेत, नुकसान काय झालं?
आमचे वकील उठायच्या आतच मागून आई : "मरून दाखवू का, साहेब?"
पुढची तारीख.

२ एप्रिल
नळ बंदच. गल्ली बोअरवर. रांगेत आईही.
शेजारीण : "दावा लावलाव आन् पाणी भरताव?"
"माझ्या जागेतलं हाय. तूच जपून पी."
जिंकलो तर हापसा उपटायचा. मग या गल्लीत राहायचं कसं? आईला विचारलं नाही.

२० एप्रिल
समेट सुचवला गेला. डावीकडची जागा मल्लप्पानं स्वतःसाठी धरलेली. ती सोडतो म्हणाला. डोळ्यांत पाणी वगैरे.
आई : "त्या कानानं त्यांना ऐकू येत न्हवतं. जन्मभर मी त्या बाजूला बसले न्हाई. आता बसू?"
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

४ मे
आईला ताप. दुपारी मल्लप्पा काढा घेऊन हजर. मागे अर्धी गल्ली, घागरींसकट. आक्का गेल्या तर हापसा लगेच काढायचा की दिवस घातल्यावर, यावर अंगणात भांडण. आईला सगळं ऐकू जात होतं.
"दोन घोट घ्या, आक्का. पाऊस होईस्तोवर तरी."
आईनं पेला घेतला. प्याली नाही.
"पाऊस झाल्यावर हापसा काढतूस का? आधी ते बोल."
मल्लप्पा खिडकीतून आभाळ बघत राहिला. काढा निवला.