पाइप कोणी फिरवला

ले'स्टेर, कॅरियाकू बेट
बुधवार, १९ एप्रिल २०१७

प्रिय मम्मी,

...तर रविवारी फोन मध्येच कट झाला, तेव्हा मी तुला शाळेच्या चार्टबद्दल सांगत होते. पुढचं आता लिहूनच सांगते. फोनवर आजोबा अगदी शेजारी बसलेले असतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलता आलं नसतं. मिस पर्लीनची मुलगी ईस्टरला आली होती ना, ती उद्या ब्रुकलिनला परत निघालीय. हे पत्र तिच्याजवळ देते. वाचताना मधली पानं गाळू नकोस, प्रॉमिस?

आम्ही दोघं बरे आहोत. बकरीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक ठिपक्यांचं. दिवाणखान्यात आजीच्या थडग्याचा दगड पांढऱ्या चादरीखाली आहे आणि मी रोज चादर झटकते. सहा मेच्या शनिवारी तो थडग्यावर बसवायचा, म्हणून सगळं गाव आत्तापासूनच मोठाली पातेली शोधत फिरतंय. मिस आयडोना म्हणते, "तुझी आई सहा वर्षांनी येतेय, म्हणजे मटण जास्त लागेल. तिकडे राहून ती नुसती हाडं झाली असेल!" तिला सांगू नकोस मी लिहिलं ते.

हं, चार्ट. मिस्टर रॉली आमचे सायन्सचे सर. त्यांनी मार्चमध्ये वर्गातल्या सगळ्यांना एक-एक चार्ट दिला, 'माझं हिरवं घर'. घरात पर्यावरणासाठी आपण काय काय करू शकतो, ते तीस दिवस करायचं आणि रोज लिहायचं. नको तिथला दिवा बंद करा. अंघोळीचं पाणी झाडांना घाला. दुकानात जाताना घरून पिशवी न्या. भाजीची सालं कचऱ्यात टाकू नका. कपडे उन्हात वाळवा. महिन्याच्या शेवटी ज्याचे सगळ्यात जास्त स्टार, त्याचा चार्ट हिल्सबरोच्या लायब्ररीत लागणार.

तुला माहितीय ना मी कशी आहे ते. त्याच दिवशी चार्ट फ्रिजवर चिकटवला आणि आजोबांना सगळं वाचून दाखवलं. ते मासे साफ करत होते.

"अंघोळीचं पाणी झाडांना? मग ती वांगी काय तुझ्या सरांनी वाढवली?"

"अहो आजोबा, पण दिवे..."

"दिवे दोन आहेत. एक तू लावतेस, एक मी विझवतो."

"आणि सालं?"

"बकरीला विचार."

मम्मी, तिथेच तर गोची झाली. आपल्या घरात यादीतलं सगळं आधीपासूनच होतं! आणि सरांचा नियम असा होता की स्टार फक्त नवीन बदलाला मिळणार. जे आधीपासून करता त्याला नाही. जोनाथनच्या घरी एसी आहे, त्यांनी तो दोन तास कमी केला, पाच स्टार. मी तीन आठवडे रोज घरभर हिंडून शोधत होते की आपण काय वाया घालवतो. काही म्हणजे काही सापडेना. आजोबा तर दाढीचं पाणीसुद्धा लिंबाच्या बुंध्याशी ओततात. शेवटी मी दात घासताना पाण्याचा मग वापरायला लागले, त्याचा एक स्टार मिळाला. एकच!

आता खरी गोष्ट.

छपराला नवीन लाल रंग दिला, हे तुला माहितीय. दगडाच्या सोहळ्यासाठी म्हणून कॉस्मो मामानेच आग्रह धरला होता. रंग द्यायच्या आधी आजोबांनी पाइपचं कोपर बाहेर फिरवलं होतं, म्हणजे पाऊस आला तर छपराचं पाणी टाकीत न पडता अंगणात जाईल. तू लहानपणापासून बघितलंयस, छप्पर नीट धुतलं गेल्याशिवाय पाणी आत घ्यायचं नाही. आणि नवीन रंग असेल तर मुळीच नाही. मलाही माहीत होतं. मी चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

तीस मार्चला, गुरुवारी, मी शाळेतून आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मार्चमध्ये! आजोबा खाली किनाऱ्यावर, नवीन बोट बांधतायत तिथे गेले होते. मी अंगणात उभी होते, थेंब सुरू झाले, आणि ते सगळं पाणी पाइपातून धो धो मातीत जायला लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं: हे बघ, हे वाया जातंय.

मम्मी, मी कोपर आत फिरवलं.

वीस मिनिटं पाऊस पडला असेल. मी काठी घालून मोजलं, टाकीत चार बोटं पाणी वाढलं होतं. वही काढून लांबी गुणिले रुंदी केली, आणि लगेच चार्टवर लिहिलं: 'पावसाचं पाणी वाचवलं, नऊशे लिटर.' शेजारी एक स्टारही चिकटवला. इतका आनंद झाला की माझ्या वर्गातल्या डोना राचेलला सांगायला मी पळत तिच्या घरी गेले. कोपर तसंच आत राहिलं.

सकाळी पाण्याला रंगाचा वास येत होता. वर लालसर तवंग होता, आणि टाकीतले ते बारीक मासे, डासांची अंडी खायला आजोबांनी सोडलेले, सगळे पोट वर करून तरंगत होते. आजोबा पाइपाजवळ उभे होते. कोपरावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "मी हे बाहेर केलं होतं." आणि माझ्याकडे बघितलं. "केलं होतं ना गं मी?"

मी ब्रेड खात होते. मी म्हटलं, "माहीत नाही."

एवढंच म्हटलं. दोन शब्द.

मग मिस आयडोना आली आणि अंगणातूनच ओरडली, "अल्बन! आख्खी टाकी घालवलीस? अरे तुझं डोकं आहे की बुडाला भोक पडलेली बादली?" ती चेष्टा करत होती, तुला तिची सवय माहितीय. नेहमी आजोबा तिला दुप्पट ऐकवतात. त्या दिवशी म्हणाले, "वय झालं, आयडोना. विसरलो असेन."

नंतरचं तुलाही ठाऊक आहे, कारण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच तुला फोनवर सांगितलं. तू गप्प झालीस. तू तिकडे मिसेस हॅलपर्नला सांभाळतेस, ती चष्मा फ्रिजमध्ये ठेवते आणि तुला तिची मेलेली बहीण समजते. म्हणून तू घाबरलीस, मला कळतंय. आणि मग कॉस्मो मामाचा फोन आला, की सोहळा झाला की चौदा मेला सगळेच ब्रुकलिनला जाऊ. आजोबाही, मीही. घराला कुलूप. म्हाताऱ्या माणसाला पोरीच्या भरवशावर असं ठेवता येणार नाही.

मी फोन ठेवला आणि नाचले. खरंच नाचले, मम्मी. सहा वर्षं मी डोळे मिटून तुझं स्वयंपाकघर इमॅजिन करते. तू दर ख्रिसमसला सामानाने भरलेला बॅरल पाठवतेस, तो उघडल्यावर सगळ्यात आधी मी डोकं आत घालते, कारण आत थोडा वेळ तुझ्या साबणाचा वास असतो. माझे तिकडे यायचे कागदही आलेत. आता फक्त मी गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं फार सोपं असतं, त्यात काही करावंच लागत नाही.

पण आजोबांचं काय चाललंय ते तुला फोनवर दिसत नाही.

ते दिवसातून तीनदा पाइपाजवळ जातात. जाऊन हात लावून येतात. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूने लिहायला सुरुवात केलीय: 'चूल विझवली. बकरी बांधली. पाइप बाहेर.' कोणी आलं की दार उघडं टाकतात, म्हणजे ती बाजू भिंतीकडे जाते. एकदा नाश्त्याला मला विचारलं, "आज वार कोणता?" मी मंगळवार म्हटल्यावर म्हणाले, "बरोबर. बघत होतो तुला येतंय का." आणि हसले. पण डोळे नाही हसले.

बोटीकडे ते जात नाहीत आता. तिथला डेसमंड विचारायला आला होता, फळी कुठे वाकवायची म्हणून, तर त्याला म्हणाले, "दुसऱ्या कोणाला विचार बाबा, माझं काही खरं नाही." मम्मी, आजोबा! ज्यांना डोळे बांधून बोटीजवळ उभं केलं तरी हात लावून सांगतील कुठल्या झाडाचं लाकूड आहे ते!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे परवाचं, ईस्टर मंडेचं. मिस आयडोना सोहळ्याचं ठरवायला आली. पूर्वजांचं ताट कोण वाढणार, ड्रम कोण वाजवणार. खराब पाणी उपसून तुमची टाकी रिकामी, तर प्रत्येक घरातून एक-एक पिंप पाणी येईल, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. मग दगडावर पाणी आणि रम शिंपडताना घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायचा विषय निघाला. ते तर आजोबांचंच काम. आजोबा म्हणाले, "ते कॉस्मोला करू दे."

"कॉस्मोला? त्याला स्वतःच्या पोरांची नावं धड आठवत नाहीत!"

"त्याला कागदावर लिहून देऊ. माझं एखादं नाव सुटलं तर आयव्हीना मला कधी सोडायची नाही."

आयडोना चेष्टा करायची थांबली. ती थांबली, तेव्हा मला भीती वाटली.

काल दिवसभर मी आजीच्या दगडासमोर बसून होते. चादर उगाच चार वेळा झटकली. आज सकाळी आजोबा खडू घेऊन दाराशी उभे होते, तेव्हा सांगून टाकलं. सगळं एकदम, श्वास न घेता. चार्ट, स्टार, चार बोटं, 'माहीत नाही'. मला वाटलं मारतील. नाहीतर बोलणारच नाहीत.

त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी बाहेर केलं होतं?"

"हो."

"कोपर. मी बाहेर केलं होतं."

"हो आजोबा. मी आत केलं."

मम्मी, ते हसायला लागले. इतके हसले की खाली बसले, पायरीवरच, आणि मग हसता हसता तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे वेगळेच हलायला लागले. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने नाक शिंकरून म्हणाले, "आयडोनाला बोलाव. बादलीला भोक नाही म्हणावं."

मग मात्र चिडले! टाकीचं नाही, ते म्हणाले पाणी काय, येईल. "तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवलीस," एवढंच म्हणाले, आणि ते पुन्हा बोललेच नाहीत, पण मला ते दर पाच मिनिटांनी ऐकू येतंय. मग माझ्या हातात नारळाच्या काथ्याचा ब्रश दिला आणि टाकीकडे बोट दाखवलं.

तर आज मी दुपारभर टाकीच्या आत होते. शिडी लावून उतरले. आत गार असतं, आणि वर झाकणाएवढा चौकोनी उजेड. भिंतीवर लाल रेघ बसलीय, जिथपर्यंत पाणी होतं तिथे, ती घासून घासून काढत होते. आजोबा वर काठावर पाय सोडून बसले होते आणि "कोपऱ्यात घास, कोपऱ्यात," असं ओरडत होते.  आणि मग, मला वाटतं त्यांना स्वतःलाच बघायचं होतं, त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. सगळ्यात जुन्या माणसापासून. ज्याचं स्वतःचं नाव हरवलंय, नुसतं त्याच्या आफ्रिकेतल्या जमातीचं नाव उरलंय, त्याच्यापासून. मग बोटीबरोबर बुडालेले दोघं भाऊ. मग तुझ्या पणजीच्या सगळ्या बहिणी. टाकीत प्रत्येक नाव घुमत होतं, मला दोनदा ऐकू येत होतं. मी घासायचं थांबवून बोटांवर मोजत होते. एकतीस झाली. शेवटचं आजीचं, आयव्हीना. ते म्हटल्यावर त्यांनी वरून विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "एकतीस."

"एकतीसच आहेत," ते म्हणाले. एकही सुटलं नाही, मम्मी.

दारावरचा खडू त्यांनी पुसून टाकलाय. चार्टवरचा तो स्टार मी काढला, पण कागद फाटला तिथे, आणि मिस्टर रॉलींनाही उद्या सांगणार आहे. माझा आता एकूण एकच स्टार आहे, वर्गात सगळ्यात कमी. पण सरांना म्हणणार आहे की नियम बदला, आधीपासून जे करतात त्यांचंही मोजा, नाहीतर माझ्यासारखं कोणीतरी नसलेलं काही शोधत बसेल.

आता राहिलं चौदा मेचं तिकीट. मी खोटं नाही बोलणार, परत नाही. मला तुझ्याकडे यायचंय. रोज यायचंय. पण आजोबा काही विसरले नव्हते, आणि त्यांना न्यायचं कारण मी तयार केलं होतं. तू आणि मामा जे ठरवून बसलात ते माझ्या 'माहीत नाही'वर ठरलंय. मी त्यांना विचारलं, तुम्हाला ब्रुकलिनला जायचंय का. ते म्हणाले, "तिथे छपरावरचं पाणी कुठे जातं?" 

तू सहा तारखेला येशील, तेव्हा टाकी स्वच्छ असेल, रिकामी असेल, आणि कोपर बाहेर असेल. मी दिवसातून एकदाच बघते. आता सगळं तुला माहीत झालंय, मामाला अजून नाही. तर मम्मी, खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नाही: या घराला कुलूप लावावं असं तुला अजूनही वाटतं का?

तुझी,
जिने पाइप फिरवला ती,
शर्लिसा