तुम्ही परत ठेवलेला पेला

बाबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आता तुमच्याबद्दल नवीन काही कळायचं उरलेलं नाही, अशा समजुतीत मी गेल्या रविवारी दुपारपर्यंत होतो.

त्या सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा ट्रे पहिल्यांदाच माझ्या हातात होता. पाळकसाहेब कधीचे मागे लागले होते, "तुमच्या वडिलांनी तीस वर्षं हे काम केलं, आता तुम्ही करा." मंडळीत फिरून परत येत होतो. लोकांनी ख्रिस्ताच्या आठवणीचा द्राक्षारस घेऊन काचेचे इवलेसे पेले ट्रेच्या भोकांत परत ठेवले होते आणि चालताना ते किणकिणत होते. त्यात एकच आवाज वेगळा. बद्द. कोणीतरी न पिताच पेला परत ठेवला होता. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. मोटार चालू केली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी दारातूनच सांगतो, भोसरीचं वर्कशॉप त्याच कानांवर उभं राहिलं. तो बद्द आवाज ऐकला आणि मी चर्चच्या मधोमध थबकलो. कारण तो मला ओळखीचा होता. मी आयटीआयत शिकत असताना महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या बाकावर बसून तो ऐकायचो. तुम्ही सगळ्यांना देऊन येता, शेवटचा पेला स्वतःसाठी उचलता, लोकांकडे पाठ करून वेदीकडे वळता. क्षणभराने पेला ठेवल्याचा आवाज येतो. बद्द.

घरी आलो तर आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होती. चौऱ्याऐंशीची झाली, पण रविवारच्या मटणावर कोथिंबीर तिच्याच हातची लागते. मी आपलं गंमत म्हणून सांगितलं, "आई, बाबांचा पेला कधी रिकामा वाजायचाच नाही बघ."

तिने मान वर केली नाही. "वाजेल कसा? प्यायलेच नाहीत तर."

"म्हणजे? कधी?"

"तुझ्या आयटीआयच्या वर्षापासून ते मरेपर्यंत. नंतर नळावर पेले मीच धुवायचे ना. एक भरलेला असायचाच. तो मी चिकूच्या झाडाच्या बुडाशी ओतून टाकायचे."

"आणि तू हे मला आज सांगतेस?"

"तू आज विचारलंस."

मग काडी काडी निवडत तिने सगळं सांगितलं. ख्रिस्ती म्हणून अर्ज केला असता तर मला आयटीआयला राखीव जागा मिळाली नसती. गावच्या जुन्या दाखल्यावर आजोबांची, ख्रिस्ती होण्याआधीची जात होती. तुमच्या कारखान्यात कोणीतरी वाट दाखवली आणि आम्ही हिंदू आहोत, असं प्रतिज्ञापत्र तुम्ही दिलंत. हे मला माहीत होतं. त्याची तुम्ही काय शिक्षा करून घेतलीत, ते माहीत नव्हतं. "म्हणाले, मी माणसांसमोर प्रभूला नाकारलं, आता तो मला ओळखणार नाही. ट्रे उचलीन, पण पेल्यावर माझा हक्क राहिला नाही. मी म्हटलं, अहो, पोरासाठी केलंत. तर म्हणाले, नाकारणारा प्रत्येक जण कोणासाठी तरीच नाकारतो." एवढं बोलून आई उठली आणि पानं वाढायला लागली. माझ्या ताटातलं मटण तसंच गार झालं.

बाबा, मी चक्रावलोय, कारण मला खडकीच्या क्वार्टरमधली एक संध्याकाळ आठवते. आयटीआयचं माझं दुसरं वर्ष. तरुणांच्या प्रार्थनासभेतून मी डोक्यात स्वर्ग-नरकाचा किडा घेऊन आलोय. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. मी विचारतो, "विश्वासणाऱ्याचंही तारण जाऊ शकतं म्हणतात, खरं का?" तुमचा हात थांबतो. "तारण म्हणजे काय बसचा पास आहे, स्वारगेटला उतरताना खिशातून पडायला?" मग माझं बोट तुमच्या मुठीत घट्ट धरून म्हणता, "ओढ. निघतंय का? धरलंय तू नाही, मी. असल्या शंका घेऊन माझ्या घरात जेवायला बसायचं नाही." बोट दुखेपर्यंत धरलं होतंत. आणि त्या संध्याकाळी, आईच्या हिशेबाने, तुम्ही स्वतः देवाच्या त्या मुठीतून सुटून वर्ष झालं होतं! जगातल्या प्रत्येकाला तुम्ही त्या हातात सुरक्षित ठेवलंत, एकट्या स्वतःला सोडून. आणि मी माझ्या सत्कारांत सांगत फिरलो की मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो.

बुधवारी पाळकसाहेबांकडे गेलो. नाव न घेता विचारलं, असा माणूस हरवला का? त्यांनी अर्धा तास दोन्ही बाजू सांगितल्या. काही म्हणतात, देवाने दिलेलं तारण देव परत घेत नाही; काही म्हणतात, नाकारणारा स्वतःच बाहेर पडतो. फार नीट समजावलं हो. दोन्ही बाजू मला पटल्या. फक्त तुम्ही कुठे आहात, ते कळलं नाही.

हे पत्र चर्चच्या कपाटात, त्या ट्रेखाली ठेवावं असं वाटलं होतं. पण तिथे पाळकसाहेबांचा हात जातो. माझ्याच खिशात राहू दे. कारण आईलाही न सांगितलेली एक गोष्ट यात लिहायची आहे. त्या प्रतिज्ञापत्रावरचे रकाने मी भरले होते. तुमचं अक्षर खराब, म्हणून तुम्ही तो माझ्यापुढे सरकवलात. धर्माच्या रकान्याशी मी थांबलो, तर तुम्ही दाराकडे तोंड करून म्हणालात, "लिही तू." मी लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. तुम्ही फक्त सही केलीत. आणि त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मी पेला तळापर्यंत प्यायलो. तेव्हापासून एकही चुकवलेला नाही. म्हणजे लिहिणारा देवाच्या हातात राहिला आणि सही करणारा सुटला, असं कसं होईल? मी असेन, तर तुम्हीही आहात. चार दिवस मी एवढंच धरून बसलोय.

पुढच्या महिन्यालाही ट्रे मीच नेईन, असं कळवून टाकलंय. पण शेवटचा पेला उचलून वेदीकडे वळल्यावर तो कसा वाजेल, ते माझ्या कानांना अजून सांगता येत नाही.