रडणाऱ्या बाईसमोरची खोली

मी, श्रीमती प्रियदर्शनी वीरधवल साळुंखे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार सदर बझार, सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी शेजारी बसून सांगत नसताना लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन शाबूत असल्याचा दाखला कोणी देत नाही, म्हणून तो जोडलेला नाही.

कलम १. राहते घर, त्यापुढची बाग आणि मागचा हौद ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. नोकरीच्या पगारातून मी ती घेतली. सासरच्या जमिनीत मी कधी वाटा मागितला नाही, त्यामुळे तिकडच्या कोणाचा या घरावर हक्क पोहोचत नाही. घर कोणाला, हे शेवटच्या कलमात आहे. राजवर्धनने मधली पाने उलटून पुढे जाऊ नये. लहानपणी तो गोष्टींचे शेवट आधी वाचायचा आणि मग गोष्ट अर्धीच टाकून द्यायचा.

कलम २. राजवर्धन माझा एकुलता एक मुलगा. पल्लवी माझी सून. माझे पती मेजर वीरधवल सुट्टीवर घरी येताना, रेल्वे गाठण्याआधीच, घाटात लष्कराची गाडी कोसळून गेले, तेव्हा राजवर्धन आठ वर्षांचा होता. वाळवा तालुक्यातील आमच्या गावी माझ्या थोरल्या जाऊबाई सुलाबाई राहतात. त्यांचे पती, माझे थोरले दीर नानासो, आता नाहीत. ते असते तर त्यांच्यासाठी वेगळे कलम लागले असते. देवाने माझा कागद वाचवला.

कलम ३. मोत्यांच्या कुड्या आणि चंद्रहार पल्लवीला द्यावा. ती दोन्ही वस्तू माझ्या कपाटातून काढून आरशासमोर अनेकदा घालून पाहते, तेव्हा मापाची अडचण येणार नाही. पियानोच्या सुरांचा जुना डबा, जो किल्ली दिली की वाजतो, तोही तिलाच द्यावा. किल्ली हरवली आहे.

कलम ४. दिवाणखान्यातील चित्र. पिकासोने १९३७ साली रंगवलेल्या ‘रडणारी बाई’ची ही छापील प्रत. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टर फिलोमिना यांनी मी शाळा सोडताना ती मला दिली. धुक्यात शाळेची घंटा वाजायची, ओल्या लोकरी स्वेटरांचा वास यायचा आणि सिस्टर हे चित्र फळ्याला टाचणीने लावायच्या. त्या आठवणीची वाटणी करता येत नाही, म्हणून ती मी बरोबर नेते.

पहिल्या दिवशी आम्ही मुली हसलो. सिस्टर म्हणाल्या, “पाहुणा दारात आला की लगेच ‘काय काम काढलंत’ असं विचारता का? मग चित्राला आल्या आल्या अर्थ का विचारता? आधी बसवा त्याला.”

चित्र ज्याच्या ताब्यात जाईल त्याने ते असे पाहावे. सुरुवात टोपीपासून करावी. टोपी लाल आहे, तिच्यात निळे फूल आहे, केस नीट विंचरलेले आहेत. म्हणजे ही बाई नटून कुठेतरी निघाली होती. मग चेहऱ्याचा पिवळा-हिरवा रंग पाहावा. मग तोंड. तिथे सगळा रंग उतरला आहे. पांढरे-निळे तुकडे, फुटलेल्या काचेसारखे. दात रुमालात रुतले आहेत. ती आवाज काढत नाही, आवाज आत धरून ठेवते आहे. तो सुटू नये म्हणून तिचा चेहरा असा फुटला आहे. शेवटी नाक आणि डोळे. नाक बाजूला वळले आहे, डोळे मात्र दोन्ही आपल्याकडे. समोरून दिसणारे आणि बाजूने दिसणारे माणूस एकाच वेळी. एका क्षणी माणसाला एकच बाजू असते, असे आपण शिष्टाचारापोटी मानतो. पिकासोसारख्या घनवादी चित्रकारांनी हा शिष्टाचार मोडला, एवढाच त्यांचा गुन्हा.

कलम ५. हे चित्र मला सदतिसाव्या वर्षी कळले. त्या दिवशी सुट्टीवर येणाऱ्या पतींना आणायला मी स्टेशनवर निघाले होते. मोरपंखी साडी, कानात कुड्या, केसांत अबोली. फाटकाची कडी काढत असताना तार आली.

त्यांना गावी नेल्यावर माझ्यापुढे तिथली रीत आली. दुखवट्याला बाई आली की ती उंबऱ्यातूनच हंबरडा फोडते आणि घरच्या बाईने तिच्या गळ्यात पडून तेवढ्याच मोठ्याने रडायचे. ती उठली की दुसरी येते. पुन्हा पहिल्यापासून. या रीतीला मी वाईट म्हणत नाही. ज्यांना ती येते त्यांचे दुःख हलके होत असेल. मला ती येत नव्हती. रडायचे तर रुमालात, हे आम्हाला नऊ वर्षांच्या असताना शिकवले होते, आणि शरीर एकदा शिकले की विसरत नाही. मी रुमाल दातांत धरून बसले.

सुलाबाईंनी सगळ्या बायकांदेखत तो ओढून काढला. “धाकटे, सोड की बोळा! रड मोठ्यानं! नवरा मेलाय का म्हस मेलीय तुजी?”

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “बघा गं बायांनो, टिपूस न्हाई डोळ्यात. लय शिकल्याली हाय.” राजवर्धन त्यांच्या मांडीवर होता. त्याला जवळ घेऊन त्या इतक्या सुंदर रडल्या की त्या दिवसापासून तो त्यांना ‘मोठी आई’ म्हणू लागला आणि मला ‘मम्मी’. दर मे महिन्यात तो गावी जायचा आणि दर जूनमध्ये थोडा कमी माझा होऊन परत यायचा.

कलम ६. गेल्या दिवाळीत राजवर्धन सुलाबाईंना गाडीतून इथे घेऊन आला. त्याचे मित्रही फराळाला आले होते. सुलाबाई चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“ही कोण रं बया? दाढ दुखतीया का हिची?”

“मोठी आई, रडतेय ती,” राजवर्धन म्हणाला. “मम्मीला असलंच रडणं आवडतं. आवाज नको, नुसती फ्रेम पाहिजे.”

सगळे हसले. पल्लवी म्हणाली, “अहो, हळू. त्या ऐकतायत.”

“ऐकू दे की. बाबा गेले तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी बघितलंय का कुणी? विचार मोठ्या आईला.”

“जाऊ दे रं लेकरा,” सुलाबाई चकली मोडत म्हणाल्या. “शिकल्याल्या बायका. त्यांचं रडू बी विंग्रजी.”

मी चहा ओतत होते. बशीत थेंब सांडला नाही.

पाहुणे गेल्यावर राजवर्धन माझ्याजवळ येऊन बसला. सुलाबाईंची गावाकडची मुले त्यांना नीट बघत नाहीत, एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, असे त्याने सांगितले. त्याचे डोळे भरले होते. “मम्मी, मोठ्या आईसाठी मी काहीही करीन. खरी आई तीच गं माझी.” आणि त्याच दमात, “तू घराचं एकदा लिहून टाक ना. बिल्डर थांबलाय.”

कलम ७. म्हणून घराबाबत माझी इच्छा अशी:

घर, बाग व हौद राजवर्धनला मिळावे. परंतु त्याआधी या घरात तहहयात राहण्याचा हक्क सुलाबाईंचा राहील. त्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्या आई पंच्याण्णव वर्षे जगल्या आणि शेवटपर्यंत हरभरे फोडून खात होत्या.

सुलाबाईंचा पलंग दिवाणखान्यात, चित्राच्या बरोबर समोर मांडावा. चित्र हलवू नये, झाकू नये. माझ्यासाठी गळा काढण्याची त्यांना मनाई आहे. अनावर झाल्यास माझ्या कपाटातील इस्त्रीचा रुमाल द्यावा.

राजवर्धन व पल्लवी यांनी याच घरात राहून सुलाबाईंचे सर्व काही स्वतःच्या हाताने करावे. नोकर, नर्स किंवा आश्रम चालणार नाही. यातील कोणतीही अट मोडल्यास घर पाचगणीच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमाला जाईल. व्यवस्थापक म्हणून मी ॲड. अंकिता निंबाळकर यांना नेमते. त्या माझ्या विद्यार्थिनी असून त्यांना दया फारशी येत नाही.

राजवर्धन, यात शिक्षा कुठेही नाही. वाक्य तुझे होते. मी त्याची कायदेशीर व्यवस्था केली. तू तुझ्या खऱ्या आईजवळ राहशील. सकाळी तिच्या खोकल्याने जागा होशील. पहिले वर्ष प्रेमात जाईल. मग बिल्डर फोन करणे बंद करील. मग एखाद्या संध्याकाळी तिला ताप येईल, तू डॉक्टरांना बोलावशील, ताप उतरेल, आणि तो उतरल्याचे ऐकून तुझ्या मनात जे येईल ते तू पल्लवीलाही सांगणार नाहीस. मला माहीत आहे, कारण तू मनाने वाईट नाहीस. वाईट असतास तर मी घर सरळ तुझ्या नावावर केले असते. त्यात तुला काहीच शिकायला मिळाले नसते.

आणि ज्या दिवशी ती खरोखर जाईल त्या दिवशी गावच्या बायका गाडी भरून येतील आणि तू त्यांच्याबरोबर मोठ्याने रडशील. ते रडणे खरे असेल. घर मोकळे झाले, हेही त्याच क्षणी तुझ्या चेहऱ्यावर असेल. तेही खरेच असेल. तेव्हा मान वर करून भिंतीकडे पाहा. समजावून सांगायला मी नसेन, आणि तशी गरजही पडणार नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

ठिकाण: सातारा
दिनांक: १४ जानेवारी २०२५

(सही) प्रियदर्शनी वीरधवल साळुंखे

लिहून देणार यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. डॉ. शिरीष गुंडा पाटोळे, सदर बझार, सातारा (सही)
२. श्रीमती भामाबाई तुकाराम घोरपडे, शेजारी, सदर बझार, सातारा (सही)