"वढ" म्हणलं की सोडती

सोलापूर, ता. २२ सप्टेंबर १९३४

केराक्का,

तुज्या पायावर गुंडाचं डोकं. आमी हितं बरं, तुमी जेऊरला बरं असाल. माजं अक्षर बघून वाचणारे मास्तर हसतील, हसू द्या. दर बारीला दाजी लिवत्यात. ह्या बारीला म्हणले, "गुंडा, तू लिव. शाळंत एवढा मार खाल्लास, त्याचा कायतरी उपेग होऊ दे."

गेल्या आठवड्यात लई पाऊस झाला. ओढा फुगून तेलंगी साळ्यांच्या वस्तीत शिरला आन् आमाला वर्दी आली. आमचा बंब घंटी वाजवत पुराकडं निघाला तवा पोरं वरडली, "पळा रं, पाण्याला आग लागली!"

तितं एका माळवदावर सुंदरम्मा नावाची म्हातारी एकटीच अडकलेली. चारी बाजूंनी पाणी, भिती मातीच्या. कवा बसतील नेम न्हाय. आमच्या नोकरीत आग इझवाया शिकवत्यात, पवाया न्हाय. पर दाजी भीमाकाठचे की! कमरंला दोर बांधून मदल्या लिंबापतोर गेले. तितनं बारीक दोरीला दगड बांधून माळवदावर फेकली. त्या दोरीच्या शेपटाला जाड दोरखंड. म्हातारीनं दोरी वढली की दोरखंड तिच्याकडं जाणार.

तिनं दोरी धरली. दाजी वरडले, "वढ! वढ!" तर तिनं चटका बसल्यागत सोडून दिली. पुन्यांदा फेकली. "वढ गं माय!" पुन्यांदा सोडली. मी काठावरनं म्हणलो, "दाजी, आमच्या आईची भन दिसती, जावयाचं काय बी ऐकत न्हाय!"

माज्या शेजारचा एक साळी कपाळ बडवून घ्याया लागला. "अरे बाबा, तुमीच तिला नको नको म्हणताय! आमच्यात वद्दु म्हंजे नको!"

आता बघ अक्का, ही काय गंमत! शब्द हिकडनं निघाला सरळ आन् तिकडं पोचला उलटा. पाण्यात उलटला का कानात, मला आजून कळंना. मी इचारलं, "मग 'वढ'ला काय म्हणता?"

"लागु."

"कुणाला?"

"कुणाला न्हाय रं, लागु म्हंजेच वढ!"

मी "लागु, लागु" करून घसा फोडला. दाजींनी तिसऱ्यांदा फेकली. म्हातारीनं सरासरा वढून दोरखंड तुळईच्या टोकाला बांधला. मग मी दोरखंड धरून गेलो आन् तिला मेंढरागत खांद्यावर टाकून आनली. वाटभर माज्या टकुऱ्यात बुक्क्या मारत हुती, "वद्दु! वद्दु!" आता कळत हुतं मला.

तू म्हणशील, पवणारे दाजी असताना तू का गेलास? तेच तर दाजी लिवू नको म्हणले. मास्तर, हितनं सावकाश वाचा. अक्काला आदी बसू द्या.

दुसऱ्या बारीला तिनं दोरी सोडली तवा धारंनं दोरखंडाला हिसका दिला आन् तो दाजींच्या मुठीतनं पळाला. त्येनी मूठ सोडली न्हाय. तळव्यांची सालटी गेली, उजव्या हाताची दोन बोटं दोरात आवळली. त्याच हातांनी तिसऱ्यांदा दगड फेकला, काठावर आमाला पत्ता बी न्हाय. आता दवाखान्यात हायती. डाक्टर म्हणतो, जिवाला भ्या न्हाय. बोटं वळतील का इचारलं, तर खिडकीतनं भाईर बघतो.

दाजी हसत्यात. पर काल तांब्या धरता आला न्हाय तवा भितीकडं तोंड करून निजले. म्हातारी रोज येऊन घास भरवती. ती तेलगूत बोलती, दाजी मराठीत. कुणाचं कुणाला कळत न्हाय आन् दोगं बी थांबत न्हाईत. काय बोलत असतील गं?

आज इचारलं, "अक्काला बोलवू का?" तर म्हणले, "गाडीत गर्दी असंल. शेरडं कोण बघंल." मला तर ह्ये 'ये'च ऐकू आलं.

शेरडं मास्तरांच्या दारात बांध. पत्र वाचलंय, आता त्येंची बी जबाबदारी. सकाळच्या गाडीनं ये, मी टेसनावर उभा हाय. रडायचं ते गाडीतच रडून घे.

तुजा धाकटा, आन् सध्या दाजींचा उजवा हात,
गुंडा