तात्यांची ओट्यावरची जागा

बुधवार, २५ मार्च

पुन्हा मशीन बंद! समुद्रात अर्ध्यावर बोट थांबली, दुसऱ्यांनी ओढून आणली. आमचं लग्न झाल्यापासून ही तिसरी खेप. शैलेश जेवला आणि एक शब्द न बोलता झोपला.

बोलल्या त्या शेजारच्या गोदूबाई. मी नळावर होते. त्यांना दिसले नसेन – किंवा दिसले म्हणूनच! "नव्या सुनेचा पायगुण, दुसरा काय?"

पायगुण म्हणे! माझ्या पाच नंबरच्या चपलेने डिझेलचं इंजिन बंद पडतं!

घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही खरं वाटलं तर?

गुरुवार, २६ मार्च

सासूबाईंच्या, माईंच्या, कानावर गेलंय. बोंबील निवडताना माई सारख्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने की कशाने, कळेना. मी खाली मान घालून बोंबील निवडत राहिले.

शुक्रवार, २७ मार्च

उद्या सकाळी गावातल्या बायकांची शिरगावच्या किल्ल्यावर सहल. दुपारी मॅच. मॅचचे या घरातले नियम धाकट्या दिराने, मेहुलने, समजावले. ज्याने त्याने आपापल्या जागेवर बसायचं, मध्येच उठायचं नाही. आणि तात्या बाहेर!

सासरे पनवती आहेत म्हणे. टीव्हीसमोर आले की विकेट पडलीच. म्हणून ते ओट्यावर जाळं विणत बसतात आणि आतला आरडाओरडा ऐकून स्कोअर सांगतात. मी खूप हसले. मग वाटलं, माणसाने स्वतः बांधलेलं घर, आणि त्यालाच बाहेर बसवायचं!

आज ते, उद्या मी.

शनिवार, २८ मार्च

टेम्पोत गाणी, कैऱ्या, मीठ-मसाला. मी आणि माई मागे. गोदूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, महाराणीसारख्या.

किल्ला छान आहे. आत ताडाचं झाड आहे, त्याला चक्क फांद्या! सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. बुरुजावर चढायची वेळ आली तेव्हा गोदूबाई वरच्या पट्टीत म्हणाल्या, "मेघालीला पुडं नको धाडू गो, बुरूज पडंल!" सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून करते काय?

माई नाही हसल्या. माझं मनगट धरलं. "चल, आपुन दोगी पयल्या." आणि गुडघे दुखत असताना चढल्या की भराभर!

इतक्या लांब जाऊन बायकांनी वरून काय पाहिलं? बोटी! कुणाची नवी, कुणाचा रंग उडालाय. आमची कुठली दिसायला, ती गावात, घिवलीला, वाळूत उभी. मला तिथेच रडू येत होतं. वारा आहे म्हणून बरं, डोळे पुसले तरी कुणी विचारत नाही.

दुपारी मॅच. गोदूबाईंचा टीव्ही बिघडलाय, म्हणून त्याही हजर. (त्यांचा टीव्ही कुणाच्या पायगुणाने बिघडला, विचारणार होते.) उन्हाने पडदा दिसेना म्हणून मी खिडकी लावून घेतली, कडी घातली आणि बसले. बसले मात्र, लागोपाठ दोन विकेट!

मेहुलने गंमतच केली, "वहिनी बसली नि दोन गेले!" पण गोदूबाईंनी संधी घेतली. "मी बोलली नव्हती? मशीन काय उगाच बंद पडतं?"

शैलेशने टीव्हीवरची नजर काढली नाही. काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. नाही बोलला. फार वाईट वाटलं. उठून माहेरी जावं असं वाटलं.

तेवढ्यात दारात तात्या! हातात जाळ्याची सुई. "पोरीला कशाला बोलता? मी खिडकीतनं बगत हुतो मगापासनं."

"तात्याऽऽ! कितीदा सांगितलं!" सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

"आनि गोदू, मशीनचं बी ऐक. फिल्टर मीच बसवला हुता. उलटा बसला आसंल. म्हातारा झालो, दिसत नाय."

मेहुलने तात्यांना हाताला धरून बाहेर नेलं. ते हसत हसत गेले. मग आपण जिंकलो, आणि सगळं गणित जुळलं – बघा, पनवती बाहेर गेली!

पण खिडकीला कडी मीच घातली होती. ती तशीच होती.

शैलेशला एकट्याला गाठून विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "फिल्टर तर मी बसवलेला. तात्यांनी हात पन नाय लावला. असं का बोलले?"

"ते बोलले. तू का नाही बोललास?" मी म्हटलं. तो उठून ओट्यावर गेला. बराच वेळ तात्यांजवळ बसून होता.

रविवार, २९ मार्च

सकाळी चुलीपाशी माईंना खिडकीच्या कडीचं सांगितलं. त्या निखारे पुढे ओढत म्हणाल्या, "माज्या लग्नाच्या साली बोट फुटली. सगला गाव मला बोलत हुता. त्या दिसापासनं हे पनवती झाले."