एपिलेप्सी म्हणजे काय

डोणगाव, ता. ३ जून १९६३

ती. वैजनाथदादास कोकिळाचा सा. न. वि. वि.

डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाबी झटका आला नाही. जेवण जाते, झोप लागते. पण चिठ्ठीवर त्यानं 'एपिलेप्सी' लिहिलं, अन् त्याचा अर्थ इथं कोणालेच माहीत नाही. सासूबाई म्हणतात, हे बाहेरचं हाय, गोळ्यानं जात नसते. तू इंग्रजीचा मास्तर. अर्थ लिहून धाड. तुझं पत्र मामाजी साऱ्यांदेखत वाचतात अन् मानतात. फक्त वर्गातल्यासारखं पाल्हाळ लावू नको, तुझी खोड मले माहीत हाय!

मायेत अंतर नको पडू देऊ.

तुझी, कोकिळा

देऊळगाव राजा, ता. ८ जून

चि. सौ. कोकिळा हिस अनेक आशीर्वाद.

अगं, असं विचारणारं आपल्या घरात दुसरं आहे कोण! लगेच शाळेतला जाडा कोश काढला. शब्द मूळचा ग्रीक, लॅटिनमधून इंग्रजीत आलेला. 'एपि' म्हणजे वर, 'लाम्बानेइन' म्हणजे धरणे. वरून येऊन कुणीतरी माणसाला धरतं, असा मुळातला अर्थ. ग्रीक लोक याला देवाची करणी मानत. आहे की नाही गंमत? गोळ्या घेत जा. वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझा दादा

डोणगाव, ता. १३ जून

रा. रा. वैजनाथराव यांस गुलाबरावचा रामराम.

तुमचं पत्र साऱ्यांसमोर वाचलं, डोळे उघडले. इंग्रजांच्या पुस्तकातबी कोणी धरते असंच लिहेल हाय, मंग गोळ्या काऊन द्याच्या? कालपासून बंद केल्या. सूनबाई रडून गोळ्या मागते, पण ते अंगातलंच बोलते, असं भगत सांगते. अमावस्येले उतारा हाय. तुमचे लई उपकार झाले.

आमच्यावर लोभ ठेवा.

गुलाबराव

डोणगाव, ता. १७ जून

सौ. प्रेमला हीस,

गुलाबरावांचं पत्र हाती पडताच निघालो, तरी उशीर झाला. मोटारीतून उतरलो तेव्हा कोकिळाला पोचवून लोक परतत होते. रात्रभर झटक्यावर झटके आले. शेजारच्या सिंधूताई सांगतात, शुद्धीवर आली की दादाले बोलवा, एवढंच म्हणायची. आग लागो माझ्या विद्वत्तेला! प्रेमला, मीच मारलं गं तिला.

गुलाबरावांचे पाय धरून सांगितलं, की तो नुसता शब्दाचा जुना अर्थ होता, आजाराचा नव्हे. गोळ्यांवर पोर जगली असती. त्यांनी मला उठवलं, शेजारी बसवलं, माझे डोळे पुसले. मग भेटीला आलेल्या मंडळींना म्हणाले, की आमच्या सुनेले काय धरलं होतं, ते या मास्तरांनीच पहिलं ओळखलं.

सगळ्यांनी मला हात जोडले.

तुझा, वैजनाथ